पुरणाचा वास ओळखणाऱ्या पेशी

आईची हाडं ठिसूळ झाली आहेत असं तपासणीत निघालं, तेव्हा डॉक्टरांनी वर्षातून एकदा घ्यायची झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची सलाइन सुचवली. कर्वे रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात अर्ध्या तासात काम उरकलं. येताना तिनं मेथीची जुडी घासाघीस करून घेतली, म्हणजे तब्येत ठणठणीत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र अंगात कणकण, संध्याकाळी ताप १०१ च्या वर, आणि अंग असं ठणकायला लागलं की कूस बदलता येईना. "हाडांच्या औषधानं ताप कसा येतो गं? सुईतूनच काहीतरी गेलं असणार," हा तिचा निष्कर्ष. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पहिल्या वेळी असं होऊ शकतं, पॅरासिटामॉल द्या, दोन-तीन दिवसांत उतरेल. तसा तो उतरलाही.

मी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते. त्या तापात तिच्या उशाशी बसून मी म्हणाले, "जंतूबिंतू काही गेलेला नाही. तुझ्या गॅमा-डेल्टा टी पेशी खवळल्यात."

"मराठीत सांग," आई म्हणाली.

तेव्हा नीट जमलं नव्हतं. आता सांगते.

आधी साध्या टी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. छातीत, हृदयाच्या जरा वर, थायमस नावाची ग्रंथी असते. तिथे टी पेशी तयार होतात. प्रत्येक पेशीच्या अंगावर एक रिसेप्टर, म्हणजे समोरचं ओळखणारं प्रथिन, असतो, आणि तो घडवताना जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात. त्यामुळे कोट्यवधी पेशी, आणि जवळजवळ प्रत्येकीचा रिसेप्टर वेगळा. एका पेशीला ओळखता येतो तो एकाच घडणीचा प्रथिनाचा तुकडा, तोही दुसऱ्या पेशीनं आपल्या अंगावरच्या एचएलए नावाच्या ताटलीत वाढून समोर ठेवला तरच. किडनी बदलताना नातेवाइकांची जुळवणी करतात ती याच एचएलएची. प्रत्येकाची ताटली वेगळी, म्हणून ती जुळणं अवघड.

ही व्यवस्था अचूक आहे, पण संथ. एखादा नवा जंतू शरीरात शिरला तर त्याला नेमकी ओळखणारी टी पेशी लाखात एक, कधी दहा लाखांत एक. ती काखेतल्या किंवा मानेतल्या लिम्फच्या गाठीत सापडायची, तिच्यासमोर तो तुकडा यायचा, मग तिनं एकीच्या दोन, दोनाच्या चार व्हायचं. यात आठवडा सहज जातो. दुसऱ्या बाजूला जन्मजात प्रतिकारशक्ती असते, म्हणजे न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज वगैरे मंडळी. ती काही तासांत धावतात, पण त्यांची ओळख ढोबळ.

या दोहोंच्या मधे काही पेशी आहेत. कूळ टी पेशीचं, थायमसमधेच जन्म, रिसेप्टरही जनुकं जुळवूनच बनलेला. वळण मात्र जन्मजात प्रतिकारशक्तीचं. थायमसमधून बाहेर पडतानाच बऱ्याचशा शिकून-सवरून तयार असतात, गाठींमधे वाट बघत न बसता यकृत, आतडं, फुफ्फुसं, त्वचा अशा ठिकाणी मुक्काम ठोकतात, आणि इशारा मिळाला की काही तासांत कामाला लागतात. इंग्रजीत यांना 'इनेट-लाइक टी सेल्स' म्हणतात. यात तीन मोठी घराणी आहेत: मेट, गॅमा-डेल्टा आणि आयएनकेटी. मराठी प्रतिशब्द मी दोन-तीन करून पाहिले, वर्गात मुलं हसली. तेव्हा इंग्रजी नावंच राहू देत.

या पेशींची खरी गंमत त्यांच्या वेगात नाही, त्या काय ओळखतात त्यात आहे.

होळीच्या दिवशी सकाळी सदाशिव पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात शिरून बघा. कुणाच्या घरी पुरण शिजतंय हे दार न ठोठावता कळतं. हरभऱ्याची डाळ शिजल्याचा वास, मग गूळ पडला की बदललेला वास, शेवटी जायफळ-वेलची. आता तयार पुरणपोळी काय, दुकानातून पिशवीत बांधून कुणीही आणेल. पिशवीतल्या पोळीवरून त्या घरात चूल पेटली की नाही ते सांगता येत नाही. पण डाळीत गूळ पडल्याचा तो अर्धवट, रटरटणारा वास आला, की समजावं, इथे स्वयंपाक चालू आहे.

मेट पेशी नेमका असाच वास घेतात. पोळीचा नाही, शिजत्या पुरणाचा.

पोळी म्हणजे इथे बी-२ जीवनसत्त्व, रायबोफ्लेविन. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते, तो रंग याचाच. माणसाला हे जीवनसत्त्व बनवता येत नाही. आपण ते दूध, अंडी, पालेभाज्यांतून आयतं आणतो. पुष्कळ जिवाणू आणि यीस्ट मात्र ते घरी बनवतात. बनवता बनवता मधल्या पायरीवर एक रेणू तयार होतो. साखर फोडताना निघणाऱ्या मिथाइलग्लायॉक्सल नावाच्या उपपदार्थाशी त्याचा संयोग झाला की एक अतिशय अल्पायुषी रेणू जन्मतो. पाण्यात तो फार वेळ टिकत नाही. पण आपल्या पेशींवर एमआर-वन नावाची एक ताटली असते, तिच्यात तो सापडला की आकड्यात अडकल्यासारखा धरला जातो. मेट पेशी तेवढंच बघते. आपल्या शरीरात बी-२ चा स्वयंपाक होतच नाही, म्हणजे हा वास आला याचा अर्थ एकच: जवळपास कुणीतरी परका, जिवंत आणि चूल पेटवून बसलेला आहे.

तो क्षयाचा जंतू आहे, टायफॉइडचा आहे की साधा ई. कोलाय, याच्याशी तिला कर्तव्य नाही. साधी टी पेशी चेहरा ओळखते, आणि जंतू चेहरा बदलण्यात पटाईत. स्वयंपाक बंद करणं मात्र त्याला परवडत नाही. अर्थात ज्याच्या घरी ही चूलच नाही, तो यातून सुटतो. लिस्टेरिया आणि काही एन्टरोकॉकाय बी-२ बनवत नाहीत, ते आयतं घेतात, आणि मेट पेशींना त्यांचा थेट वास येत नाही.

हे कळलं कसं, तीही एक गोष्टच आहे. असा ठरावीक रिसेप्टर असलेल्या पेशी १९९० च्या दशकात दिसल्या होत्या, एमआर-वनचं जनुक १९९५ मधे सापडलं, आणि दोहोंचा संबंध २००३ मधे जुळला. पण त्या ताटलीत वाढलेलं असतं काय, हे पुढची नऊ वर्षं कुणाला सांगता येईना. प्रथिनांचे तुकडे ठेवून पाहिले, चरबीचे रेणू पाहिले, काही बसेना. मेलबर्नमधल्या गटाला प्रयोगशाळेत एमआर-वनची नीट घडी घालायची होती. ती रिकामी असताना घडी पडत नव्हती, पण पेशी वाढवायच्या द्रावणात सहज पडत होती. म्हणजे द्रावणातलंच काहीतरी तिच्यात जाऊन बसत होतं. शोध घेतला तर तो निघाला त्या द्रावणातल्या फॉलिक अ‍ॅसिडचा, म्हणजे बी-९ चा, उजेडानं मोडलेला तुकडा. त्यानं मेट पेशी जाग्या होत नव्हत्या, पण सुगावा लागला की ही ताटली जीवनसत्त्वांच्या नात्यातल्या रेणूंची आहे. मग साल्मोनेलाच्या द्रावणात शोधल्यावर बी-२ चे नातेवाईक हाती लागले. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं. नेमका रेणू कोणता, ते आणखी दोन वर्षांनी पक्कं झालं. उजेडात खराब झालेलं द्रावण आम्ही लॅबमधे नाक मुरडून फेकून देतो. तेव्हापासून मी फेकताना एकदा बाटलीकडे बघते.

या पेशी काही दुर्मीळ नाहीत. प्रौढ माणसाच्या रक्तातल्या टी पेशींपैकी साधारण १ ते १० टक्के मेट असतात, यकृतात तर २० ते ४५ टक्क्यांपर्यंत. आतड्यातून निघालेलं रक्त आधी यकृतात येतं, म्हणजे जकात नाका तिथेच आहे. नवजात बाळात त्या अगदी थोड्या असतात, तारुण्यात भरपूर होतात आणि उतारवयात कमी होत जातात. जंतूविरहित पेटीत वाढवलेल्या उंदरांत मेट पेशी जवळजवळ तयारच होत नाहीत. थायमसमधे वाढताना त्यांना तो वास यावाच लागतो, आणि तो येतो आतड्यातल्या, अंगावरच्या जिवाणूंकडून, तोही लहानपणी. उंदरांमधे ती वेळ चुकली तर पुढे पुरती भरपाई होत नाही. शिवाय या पेशी नुसत्या मारामारीच्या नाहीत. उंदराच्या त्वचेवर राहणाऱ्या निरुपद्रवी जिवाणूच्या वासानं जाग्या झालेल्या मेट पेशींमुळे जखम लवकर भरते, असं दिसलं आहे.

आता आईच्या तापाकडे.

गॅमा-डेल्टा पेशींचा रिसेप्टर वेगळ्याच जनुकांचा. १९८४ मधे साध्या टी पेशींच्या रिसेप्टरची जनुकं शोधताना एक भलतंच जनुक हाती लागलं, ते गॅमा. ते जनुक वापरणाऱ्या पेशी कोणत्या, हे कळायला आणखी दोन वर्षं गेली. आपल्या रक्तात यांची एक खास शाखा साधारण १ ते ५ टक्के असते. तीही अर्धवट शिजलेल्या पदार्थाचाच वास घेते, फक्त पदार्थ वेगळा. कोलेस्टेरॉल आणि त्याच्या भावंडांच्या घडणीत फॉस्फेटची शेपटी असलेले छोटे रेणू मधल्या पायरीवर तयार होतात. माणसाचा आणि बऱ्याच जिवाणूंचा हा मार्ग निरनिराळा आहे. जिवाणूंच्या मार्गावर जो मधला रेणू बनतो तो या पेशींना आपल्या रेणूपेक्षा हजारो पटींनी जास्त झोंबतो. क्षयाच्या जंतूत हा मार्ग आहे. मलेरियाच्या परजीवीतही आहे, कारण त्याच्या पोटात एका जुन्या शेवाळाचा अवशेष अजून शिल्लक आहे आणि ही भट्टी त्या अवशेषात चालते. म्हणूनच या आजारांत रक्तातल्या गॅमा-डेल्टा पेशी वाढलेल्या दिसू शकतात.

आपल्या स्वतःच्या मार्गावरचा मधला रेणू सौम्य आहे आणि तो थोडाथोडाच बनतो, म्हणून एरवी शांतता असते. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड काय करतं? हाडं कुरतडणाऱ्या पेशींमधे शिरून याच मार्गावरची एक पायरी बंद करतं. त्या पेशी थंडावतात, हाड वाचतं. पण औषध रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पेशींतही जातं. तिथेही पायरी बंद होते, आणि तिच्या आधीचा माल साचत जातो. चूल चालू, पण पुढचा हात थांबलेला, पातेलं उतू चाललंय, असं चित्र. मोनोसाइटच्या आतल्या या साठ्यामुळे तिच्या अंगावरच्या ब्यूटिरोफिलिन नावाच्या प्रथिनांची ठेवण बदलते. (नावात लोणी आहे, कारण या कुळातलं पहिलं प्रथिन दुधातल्या स्निग्ध कणांवर सापडलं.) गॅमा-डेल्टा पेशींना हे कळतं, त्यांना वाटतं घरात परका शिरला, आणि त्या रसायनं सोडतात. मेंदूतला तापमानाचा काटा त्यानं वर सरकतो. जंतू नाही, संसर्ग नाही, तरी ताप खरा.

या औषधाची सुमारे ७,७०० स्त्रियांवरची मोठी चाचणी २००७ मधे प्रसिद्ध झाली. पहिल्या सलाइननंतर तीन दिवसांत ताप, अंगदुखी, डोकेदुखी अशी लक्षणं सुमारे ३२ टक्के जणींना आली, औषध नसलेली नुसती सलाइन दिलेल्या गटात सुमारे ६ टक्क्यांना. दुसऱ्या वर्षी औषधाच्या गटातलाच आकडा ७ टक्क्यांच्या आत आला, तिसऱ्या वर्षी ३ च्या. आईला हे आकडे सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न, "मग त्या बत्तीसात मीच का?" याचं उत्तर अंशतः आहे: ज्यांच्या रक्तात या पेशी मुळात जास्त, त्यांना ताप येण्याची शक्यता जास्त.

दुसरा प्रश्न अधिक हुशारीचा होता. तिला कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू आहे. ती गोळी याच मार्गाची त्याहून वरची पायरी बंद करते. मग वरूनच माल कमी आला तर साठा व्हायला नको, ताप यायला नको? काचेच्या भांड्यात अगदी असंच होतं. माणसांवर करून पाहिलं तेव्हा मात्र सलाइनच्या आधी स्टॅटिन देऊन तापात फरक पडला नाही. भांड्यात जमलेली पाककृती पंगतीला फसते, हा आमच्या धंद्यातला रोजचा अनुभव.

कर्करोगाच्या काही पेशींतही हाच मार्ग जोरात चालतो, म्हणून गॅमा-डेल्टा पेशी त्यांच्यावर उठतात. २०१५ मधे ३९ प्रकारच्या कर्करोगांच्या सुमारे १८,००० नमुन्यांची माहिती एकत्र चाळली गेली. गाठीत शिरलेल्या निरनिराळ्या पांढऱ्या पेशींपैकी रुग्ण जास्त जगण्याशी सर्वांत घट्ट नातं गॅमा-डेल्टाच्या खुणेचं निघालं. नातं म्हणजे कारण नव्हे, हे मी वर्गात दर वर्षी सांगते, इथेही सांगते. पण त्यामुळे या पेशी औषध म्हणून वापरता येतील का, या कामाला वेग आला. त्यात एक सोय आहे. एमआर-वनसारख्या ताटल्या सगळ्या माणसांत जवळजवळ एकसारख्या असतात, एचएलएसारख्या माणसागणिक बदलत नाहीत. त्यामुळे दुसऱ्याच्या शरीरातून घेतलेल्या या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटण्याची भीती कमी. एका दात्याच्या पेशी अनेकांना, असा विचार त्यामुळे करता येतो. अजून हे चाचण्यांच्या टप्प्यावर आहे. कुणी 'टी सेल बूस्टर' म्हणून बाटली विकायला आलं तर चहा पाजून परत पाठवा.

आयएनकेटींवर मी फार रेंगाळत नाही. त्या चरबी-साखरेच्या जोड-रेणूंचा वास घेतात. त्यांना जागं करणारा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ ओकिनावाजवळच्या समुद्रातल्या स्पंजावरून मिळाला, आणि तो शोधणारी कंपनी होती जपानची किरीन, बिअरवाली. उंदरात त्यानं गाठी आटल्या. १९९७ मधे कळलं की हे काम आयएनकेटी पेशींमार्फत होतं. पण उंदराच्या यकृतात या पेशी रेलचेल, माणसाच्या रक्तात मात्र बहुधा हजार टी पेशींत एखादी, कित्येकांत त्याहूनही कमी. माणसांवरचे निकालही त्या मानानं बेताचे राहिले.

पुणेकरांच्या दंडाशी या विषयाचा थेट संबंध आहे तो वेगळ्याच वाटेनं. कोविशील्ड लस इथे सीरम इन्स्टिट्यूटमधे बनली आणि १६ जानेवारी २०२१ पासून देशभर टोचली गेली. त्या लशीत चिंपांझीचा एक अडिनोव्हायरस वाहन म्हणून वापरला आहे. विषाणू बी-२ बनवत नाही, तो काहीच शिजवत नाही. मग मेट पेशींचा इथे काय संबंध? त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या गटानं दाखवलं की संबंध आहे. लशीतला विषाणू दिसल्यावर आजूबाजूच्या पेशी इंटरफेरॉन, आयएल-१८ असे रासायनिक सांगावे सोडतात, आणि मेट पेशींना तेवढा आरडाओरडाही पुरतो. वास यावाच लागतो असं नाही. ज्या उंदरांत मेट पेशी नव्हत्या, त्यांच्यात लशीनं घडवलेला साध्या टी पेशींचा प्रतिसाद कमी पडला. लस घेतलेल्या माणसांतही ज्यांच्या मेट पेशी जास्त चेतल्या, त्यांच्या टी पेशींचा प्रतिसाद जास्त होता. म्हणजे आपण हडपसरला बनलेली लस टोचून घेऊन घरी चहा पीत बसलो होतो, तेव्हा या पेशी साध्या टी पेशींना हाका मारत सुटल्या होत्या.

सगळंच गोड नाही. या पेशी आयएल-१७ नावाचं रसायन भरभरून सोडू शकतात. आतड्याच्या भिंतीला ते हवं असतं, सांध्यात आणि चरबीत मात्र जाळ लावतं. लठ्ठपणात आणि टाइप-२ मधुमेहात रक्तातल्या मेट पेशी घटलेल्या आणि चरबीत मुक्कामाला गेलेल्या, आयएल-१७ जास्त सोडणाऱ्या सापडल्या. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तातला आकडा पुन्हा वर येताना दिसला. यकृताला जुनाट इजा असेल तर याच पेशी तिथे व्रण वाढवायला हातभार लावतात. क्षय झालेल्या रुग्णाच्या रक्तात मेट कमी दिसतात, त्यातल्या काही फुफ्फुसात गेलेल्या असतात. जगातले सुमारे पाव क्षयरुग्ण भारतात आहेत, तेव्हा या प्रश्नाची उत्तरं आपल्याकडेच शोधायला हवीत असं मला वाटतं. पुण्याला विद्यापीठाच्या आवारात पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, पाषाणला आयसर आहे, विषाणूंची संस्था १९५२ पासून आहे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एखाद-दुसरा तिकडे जातो, तेव्हा मी हा विषय हळूच त्याच्या पिशवीत टाकते.

यंदा आईची दुसरी सलाइन झाली. रात्री उशाशी थर्मामीटर, पॅरासिटामॉल, पाण्याचा तांब्या, आणि मी शेजारी. ९८.४. सकाळी पुन्हा ९८.४. आकड्यांप्रमाणे हेच अपेक्षित होतं. पहिल्या डोसनंतर या पेशी रक्तात कमी होतात आणि उरलेल्या त्याच वासाला पूर्वीइतकं दाद देत नाहीत, असं रुग्णांमधे दिसलं आहे.

"औषध जुनं दिलं की काय?" आई म्हणाली, आणि खोक्यावरची तारीख बघायला तिनं चष्मा मागितला.